न्हाऊ घातलेली पिल्लं

कोंबडीच्या पिल्लाचं ढुंगण बंद होऊ शकतं, असं मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं. पण त्या सकाळी पडवीतल्या पेटीत एक पिल्लू मान टाकून बसलेलं दिसलं. उचललं, उलटं केलं, आणि बघतच राहिले. शेपटीखाली शीचा गोळा सुकून असा घट्ट बसलेला की मागचा रस्ताच लिंपून गेलेला. आतलं बाहेर यायला जागाच नाही! मी आपली घाईघाईने नखाने तो गोळा ओढायला गेले. त्याबरोबर लव निघाली, कातडी निघाली, रक्त आलं. पिल्लू एकदा चिरकलं आणि थोड्या वेळाने माझ्या हातातच गेलं. 

ही पिल्लं म्हणजे माझी नुसती हौस नव्हती. नवरा मुंबईत कामाला. लग्नानंतर मीही तिकडच्या खोलीत काही वर्षं काढली, मग सासरे गेले आणि सासूबाईंच्या सोबतीला म्हणून पालीजवळच्या आमच्या वाडीत आले. आले ती इथलीच झाले. परत जायचं नाव काढलं की मी विषयच बदलायचे. कोंबड्या पाळते, माझं मी बघते, असं नवऱ्याला सांगितलं तर तो फोनवर हसला. म्हणाला, "पहिली पिल्लं तर जगवून दाखव. नाय जगली तर गणपती झाले की बॅग भरायची." मीही तावातावाने हो म्हटलं आणि पालीच्या बाजारातून पिल्लं घेऊन आले. आंब्याच्या रिकाम्या पेटीत भाताचं तूस पसरलं, वर बल्ब टांगला.

सासूबाईंचं तोंड पहिल्या दिवसापासून वाकडं. पेटीजवळून जाताना पदर नाकाला. "माणसांनी बसायची पडवी ही. काय वास गो बाय!" आणि वर हे, की माझी काळजी नको, तू आपली जा नवऱ्याकडं. आता अशा बाईबद्दल मला काय वाटायचं ते सांगायला नको.

मेलेलं पिल्लू माडाच्या बुंध्याशी पुरलं आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरांनी आधी चांगलं झापलं. सुकलेली घाण ओढायची नसते. कोमट पाण्यात फडकं भिजवून तेवढ्याच जागेवर धरायचं, गोळा मऊ झाला की आपोआप सुटतो. मग कोरडं करायचं आणि खोबरेलाचं बोट लावायचं. सगळं पिल्लू भिजवायचं नाही, गारठतं. आणि तिथेच पोटाच्या बाजूला सुकलेला दोरा दिसेल, ती घाण नव्हे, नाळ आहे, तिला हातसुद्धा लावायचा नाही. "हे होतं उष्णता जास्त झाली की, नाहीतर गारठा बसला की, नाहीतर पोटात भलतंसलतं गेलं की. बल्ब एका कडेला घ्या, म्हणजे पिल्लं आपली आपण सरकतील," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी सगळं तस्संच केलं. एकेक पिल्लू मांडीवर घेऊन फडकं धरून बसले. बल्ब कडेला घेतला, पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी बाजारातून येऊन बघते तर पुन्हा तेच! परत लिंपलेली. वर काही पिल्लं थरथरतायत, आणि अंगाला कसला तरी धुरकट वास. त्यात आणखी दोन मेलेली. माझं डोकंच फिरलं. आणि मग मला दिसला तो काळा ठिपका. एका पिल्लाच्या कपाळावर, मग दुसऱ्याच्या, मग सगळ्यांच्या! देवा रे, हा कुठला नवा रोग? घाबरत घाबरत बोट लावलं, तर ठिपका बोटाला आला.

काजळ होतं ते.

 घरात माणसं दोन. त्यातली एक मी.

 पुढच्या दिवशी बाजाराला जाते म्हणून निघाले आणि पाणंदीतूनच मागे फिरले. पडवीत धूर. धुरात सासूबाई पाटावर बसलेल्या, पाय लांब सोडून, लुगडं गुडघ्यापर्यंत घेऊन. आणि नडगीवर, तान्ह्या पोराला घेतात तसं, माझं पिल्लू! डाव्या हाताने त्याला धरून उजव्या हाताने वरून ऊन पाणी घालतायत. बाजूला तेलाची वाटी. सहाणेवर हळकुंड आणि वेखंड उगाळलेलं. न्हाऊन झालेली पिल्लं पेटीत, वर पोतं टाकलेलं, पेटीला लागून निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर ओवा आणि वावडिंग. बाई गं! पिल्लांना आंघोळ, पिल्लांना धुरी, पिल्लांना बाळगुटी! 

तेवढ्यात त्यांनी पिल्लू उताणं केलं आणि त्याचा नाळेचा दोरा चिमटीत धरला.

"आई, सोडा ते!" मी अशी किंचाळले की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

"काय झालं बोंबलायला? नाळ पडली नाय अजून याची, काढते," त्या म्हणाल्या. "अख्ख्या वाडीतली पोरं न्हाऊ घातली मी. एक तरी दगावलं काय?"

"ती माणसांची होती, आई! ही कोंबडीची आहेत! तुमच्या शेगडीनं नि गुटीनं ढुंगणं बंद पडतायत त्यांची!" आणि मग रागाच्या भरात मनातलं सगळंच बाहेर आलं. "मी इथून जावं म्हणूनच मारताय ना तुम्ही ती?"

त्यांचा हात तसाच राहिला. पिल्लू नडगीवरून उतरून तुरुतुरु पाटाखाली गेलं तरी त्यांचं लक्ष नाही. ही बाई सासरे गेले तेव्हाही माझ्यासमोर रडली नव्हती. आता ओल्या हातांनी डोळे पुसायला लागली.

"माराया? अगो, ती मेली तर तो तुला घेऊन जाईल," त्या म्हणाल्या. "मग मी काय भिंतीशी भांडू? तू जा जा म्हणते ती तोंडानं. जगावी म्हणून तर घालत होते न्हाऊ."

  पाटाखालचं पिल्लू काढलं, कोरड्या फडक्यात गुंडाळलं आणि त्यांच्या हातात दिलं. शेगडी बाहेर नेऊन विझवली. मग त्यांच्या शेजारी बसून फडकं कसं धरायचं ते दाखवलं. आयुष्यभर पोरं न्हाऊ घातलेला तो हात, एकदा समजल्यावर, माझ्यापेक्षा हलका चालला. एक पिल्लू संध्याकाळी गेलंच. बाकीची जगली.

गणपतीला नवरा आला. मखराचं सामान खाली ठेवता ठेवता मला म्हणाला, "काय, भरलीस बॅग?"

 तेवढ्यात सासूबाई मागच्या दारातून आल्या. काखेत त्याच पिल्लांतली एक, आता पंख फुटून तलंग झालेली. तिला उलटी करून त्यांनी लेकाच्या नाकासमोर धरली, तसा तो दचकून मागे सरकला.

"बघ, किती लख्ख हाय," त्या म्हणाल्या. "सूनबाय नाय येत तुझ्यासंगती. पुढची पिल्लं आणायचीयत. त्यांची ढुंगणं मी एकटी किती धुवू?"