दुसरं कडवं

गाणं मी लिहिलं आणि फेटा अण्णांना बांधला. अण्णा म्हणजे माझे वडील. त्या सत्काराचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

ते गाणं गाजलं तेव्हा पुण्या-मुंबईत माझे कार्यक्रम तिकीट लावून होत होते. शब्द माझे, चाल माझी, गळा माझा. जालन्यात मस्तगडच्या दुकानांतही ते वाजायचं. मग अंबड तालुक्यातल्या आमच्या गावालाही माझी आठवण झाली. पारावर मांडव पडला. आमच्याकडे सत्काराची रीत ठरलेली आहे: पुरुषाला फेटा आणि शाल, बाईला कुंकू, नारळ आणि ब्लाऊजपीस. सरपंचांच्या बायकोनं मला कुंकू लावलं, नारळ दिला, वर लवकर लग्न होऊ दे म्हणाली. फेटा गेला अण्णांच्या डोक्यावर. सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींनी माईकवर सांगूनही टाकलं की शब्द अण्णांचे, लेकीनं नुसता आवाज दिला. अण्णा शाळेत मराठी शिकवायचे. मग लिहिणार दुसरं कोण?

अण्णांनी नाही म्हटलं नाही. हात जोडून टाळ्या घेतल्या. मी बारावीत असताना याच माणसानं माझी गाण्यांची वही चुलीत घातली होती. गाणी लिहिणारी पोर हाताबाहेर जाते म्हणे. आता तोच माझ्या गाण्याचा कवी होऊन खुर्चीवर बसला होता. समोर बायकांत आई मान खाली घालून बसली होती.

मी माईक मागून घेतला. "शब्द अण्णांचे हायेत ना? मंग दुसरं कडवं त्यांनीच म्हणावं."

लोकांना कौतुक वाटलं. अण्णांनी उठून माईक हातात घेतला. दुसरं कडवं त्या वहीबद्दलच आहे. चुलीसमोर उभी राहून मी एकेक पान जळताना पाहिलं, ते सगळं त्यात आहे.

माईक खाली करून ते मला हळूच म्हणाले, "पाठ हाय मला ते. पण इथं नको म्हणायला लावू, माय."

म्हणजे त्यांनी ते ऐकलं होतं, पाठ होईपर्यंत ऐकलं होतं. कुणाबद्दल आहे हेही कळलं होतं. आणि तरी फेटा बांधून घेतला होता. मला जराशी दया आली होती, ती तिथंच संपली.

"मंग मी म्हणते," मी म्हणाले, आणि ते कडवं दोनदा म्हटलं.