प्लासिडच्या माश्यांचा नाताळ

निर्मळच्या एका आळीत प्लासिड राहतो. सातिवलीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर माणसं परसात वांगी लावतात. यानं केळींच्या सावलीत मधमाश्यांची पेटी ठेवली आणि तिच्यात डोकं घातलं. अक्षरशः घातलं, त्यामुळे वर्षातले कित्येक दिवस त्याचा चेहरा भलत्याच कोणाचा तरी वाटतो.

पावसाळ्यात फुलं नसतात, म्हणून माश्यांना साखरपाणी द्यावं लागतं. प्लासिड ते छत्री घेऊन द्यायचा. छत्री पेटीवर, स्वतः धारेखाली. "आमच्या चहात साखर चिमटीनं, आनि त्यांना पातेलंभर!" त्याची बायको रोझलीन खिडकीतून ओरडायची. ती पेटीच्या आसपासही फिरकत नसे. कपडे वाळत घालायलासुद्धा रस्त्यानं वळसा घेऊन जायची.

थंडीत माश्या वाढतात, पेटी भरते. तेव्हा आत जागा करून द्यायला हवी, नाहीतर अर्ध्या माश्या राणीला घेऊन नवं घर शोधायला निघतात. प्लासिडला हे पाठ होतं. पण डिसेंबरात आळीतल्या पुरुषांना नाताळच्या गव्हाणीच्या देखाव्याखेरीज काही सुचत नाही. गेल्या वर्षी बाळ येशूला निजवायची खाटली करायचं काम त्याच्याकडे आलं आणि त्यानं ती माश्यांच्या जुन्या पेटीच्या फळ्यांची केली. शिवाय बाळाच्या मूर्तीचे गाल फिकटले होते, म्हणून त्यांना घरचं मेण चोळलं. गाल असे चकाकले की फादरांनी दोनदा कौतुक केलं.

नाताळच्या सकाळी गव्हाणीसमोर, उघड्यावर मिस्सेची प्रार्थना चालू होती. गीत रंगात आलं आणि मागून कोणीतरी वेगळाच सूर धरला. प्लासिडनं तो आधी ओळखला. मेणाचा वास धरून माश्यांचा अर्धा संसार थेट गव्हाणीत उतरला आणि पाहता पाहता बाळ येशूच्या अंगावर पायापासून कपाळापर्यंत माश्यांचा स्वेटर चढला.

पुढच्या रांगेतले लोक मागच्या रांगेत गेले. फादरांनी उरलेली मिस्सा कधी नव्हे इतक्या झटपट उरकली. आता खरी पंचाईत होती, कारण मिस्सेनंतर बाळाच्या पायांचं चुंबन घेतल्याशिवाय या आळीत कोणी केक कापत नाही.

गव्हाणीचा म्होरक्या केनी फवारा घेऊन आला. "अंकल, साइडला व्हा. एक मारतो, खेळ खल्लास."

प्लासिड मध्ये आडवा आला. माश्यांवर त्याचा जीव होता, आणि तो लपवायचं त्याला कधी जमलं नव्हतं. "मारू नको रे, बाबा," तो म्हणाला. धावत जाऊन त्यानं रिकामी पेटी आणली, माश्यांसकट बाळाला अलगद उचलून आत निजवलं आणि झाकण लावलं. मग ती पेटी खाटलीवर ठेवली.

"आता चुंबन कशाचं घ्यायचं?" केनी चिडला. "लोक पुढे आले तर ठीक. नाहीतर आजच्या आज दोन्ही पेट्यांवर फवारा."

आळीनं माना डोलावल्या. प्लासिडनं स्वतः झाकणाचं चुंबन घेतलं, पण मालकाचं कोण धरतो? तो एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. लोक गुपचूप चपला शोधू लागले.

तेवढ्यात नवी साडी सावरत रोझलीन उठली. तिनं क्रूसाची खूण केली, गुडघे टेकले आणि झाकणावर ओठ ठेवले. बाहेर राहिलेली एक माशी तिच्या नाकावर बसली. रोझलीन डोळे तिरळे करून तिच्याकडे बघत राहिली, पण हलली नाही. माशी कंटाळून उडाली.

"चला," रोझलीन म्हणाली. "बाळ आतच हाय. की लांबनंच आशीर्वाद पायजे?"

मग रांग लागली. शेवटी केनीही वाकला, फवारा पाठीमागे लपवून.

बाळाला बाहेर काढायचं राहूनच गेलं. माश्यांनी त्याच्या हातापायांना धरून पोळी बांधली, आणि ती मोडायला कोणाचा हात धजेना. फादरांनी गव्हाणीसाठी नवं बाळ आणलं.

जुलैत साखरपाण्याचं पातेलं घेऊन आता रोझलीनच परसात उतरते. प्लासिड सवयीनं पेटीवर छत्री धरतो.

"तिकडे झाकन हाय," ती म्हणते. "माझ्यावर धरा. बाळ उपाशी हाय, मला घाई हाय."