एक गोल पुढे

ऐंशी सालाच्या आसपास मी आखातात नोकरीला होतो, तेव्हा अल मुंतझा वस्तीत आमचा एक सीरियन न्हावी होता. केस कापता कापता तो त्याच्या होम्स शहरातल्या फुटबॉल क्लबचा इतिहास सांगायचा, निम्मा अरबीत, निम्मा मोडक्या हिंदीत. मानेवर वस्तरा असताना क्लबची स्थापना, कानाशी आला की पहिला कप. गोलाच्या वेळी कात्री हवेत फिरायची, तेव्हा मी श्वासही बेतानं घ्यायचो.

एका फायनलची कॉमेंट्री त्याच्या भावानं रेडिओवरून कॅसेटवर उतरवून पाठवली होती. ती तो दर शुक्रवारी लावायचा. त्याच्या क्लबचा गोल झाला, लोक ओरडले, की हा खटकन टेप बंद करायचा.

एकदा मी विचारलं, "पुढं काय झालं?"

"पुढं हरलो," माझ्या खांद्यावरचे केस झटकत तो म्हणाला. "पण माझ्या दुकानात नाही. खलास."

मी हसलो.

मलाही गावाहून बायकोची कॅसेट यायची. आधी घरची खबरबात, मग पोरांच्या कविता, आणि सगळ्यात शेवटी तिचं रडणं. ते मी दर वेळी पूर्ण ऐकायचो. त्या शुक्रवारी कविता संपल्या आणि माझं बोट आपोआप बटणावर गेलं.