सागाखालचं रान

रानात काम करणाऱ्यांकडं असले किस्से न मागता साचतात. प्रबंधात त्यांना जागा नसते. मग मुदखेड जंक्शनवर गाडी लेट असली की आम्ही तेच एकमेकांना सांगत बसायचो.

मी शिरूर अनंतपाळचा. भोकरकडच्या सागाच्या जंगलात माझ्या गाइड मॅडमच्या प्रकल्पावर होतो. मोठ्या झाडांखाली जी रोपं, वेली, गवत उगवतं, त्यांचं आगीनं आणि युरियानं काय होतं ते बघायचं. त्यासाठी जमिनीचे चौकोनी तुकडे आखले होते. काही परवानगीनं जाळायचे, काहींत युरिया टाकायचा, काहींत दोन्ही; बाकीचे तसेच सोडायचे.

*

पावसाचं पाणी तपासायला आम्ही रानाकडेच्या एका आजींच्या अंगणात बाटली लावली. शेतातल्या खतातला, गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन हवेत जातो आणि पावसाबरोबर रानावर पडतो, असं मी त्यांना समजावलं.

आजी बराच वेळ आभाळाकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "म्हंजी वरून कुणीतरी खत टाकून राहिलंय, अन् दिसत न्हाई?"

मी हो म्हणालो. पुढच्या खेपेला गेलो, तर तुळशीवर टोपलं पालथं घातलेलं होतं.

*

माझा जोडीदार संघपाल नांदेडचा, धीट गडी. आग आणि युरिया, दोन्ही दिलेल्या एका तुकड्यात एकाच जातीचं गवत डोक्याच्या वर गेलं होतं. संघपाल नमुने घ्यायला आत शिरला. तुकडा अंगणाएवढा. थोड्या वेळानं त्याच्या हाका ऐकू आल्या. आम्ही ओ देत होतो, तरी तो भलतीकडंच जात होता.

बाहेर आला तेव्हा घामानं भिजला होता. मी हसलो, तो हसला नाही. म्हणाला, "सगळीकडं एकच गवत रे. कुठून आलो ते ओळखायला काही नव्हतंच."

*

त्याच तुकड्यात मॅडमनी कीटकांच्या आवाजासाठी रेकॉर्डर ठेवला. शेजारच्या साध्या तुकड्यात भर दुपारी कान किटतील एवढी किरकिर. ह्याच्यात फक्त पातं पात्याला घासल्याचा आवाज. मशीन बिघडलं म्हणून बदललं. तेच! शेवटी रेकॉर्डर चालू करून आम्ही तिघं स्वतः आत उभे राहिलो.

नंतर ऐकलं, तर आमचे श्वास तेवढे होते. मॅडमनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि चहा मागवला.

*

पाऊस अजून लांब होता, जाळलेल्या तुकड्यात एक हिरवं पान नव्हतं. वैशाखात एका सकाळी गेलो तर काळ्या राखेवर पांढरी फुलं मांडलेली. ना देठ दिसे, ना पानं. कुणीतरी पूजा करून गेलं, असं वाटून मी चपला काढल्या. मॅडम म्हणाल्या, भुईचाफा आहे, खाली कंद जिवंत असतो.

ते कळल्यावरही मला पाय ठेववेना.

*

आमच्याबरोबर गंगाधरमामा असायचे, रानाचे राखणदार. काही वर्षांमागं त्यांचा धाकटा भाऊ बाबू वणवा विझवायला गेला, तो परत आला नाही. हैदराबादला पळाला, असं गाव म्हणायचं. मामाही तेच म्हणायचे. हैदराबादहून कुणी आलं की चौकशी करायचे.

त्या उन्हाळ्यात मोठा वणवा लागला. दुसऱ्या दिवशी बघायला गेलो, तर टेकडी काळी ठिक्कर पडलेली. आमच्या तुकड्यांपासून लांब, एका खोलगट जागी मात्र हिरव्यागार गवताचा अरुंद पट्टा तसाच उभा. आग त्याला वळसा घालून गेली होती.

मामांनी विचारलं, "मॅडम, इथं खत कुणी टाकलं?"

मॅडम म्हणाल्या, कुणीच नाही. पूर्वी एखादं जनावर मरून पडलं असेल. त्याचा नायट्रोजन मातीत उतरतो, तेवढंच गवत दाट आणि ओलं राहतं.

मामांनी मान हलवली. खांद्यावरचा पंचा राखेत अंथरला आणि त्या पट्ट्याशेजारी उताणे निजले. डोक्यापाशी पट्टा सुरू होत होता, टाचेपाशी संपत होता.

मग ते उठले, पंचा झटकला.

"बाबूच्या बायकोला काई सांगू नका," ते म्हणाले. "ती अजून कुंकू लावते."