चिंचेनं घासलेला सम्राट

इतिहासातलं एम.ए. ट्रंकेत ठेवून शरयू नवऱ्याच्या पीएच.डी.मागोमाग अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी आली. तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, आणि नुसत्या पोळ्या लाटत बसणाऱ्यांतली ती नव्हे. निवृत्त प्राध्यापक केलर यांना त्यांच्या संग्रहातली रोमन नाणी साफ करायला बिनपगारी माणूस हवंय असं कळताच ती त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

नाणी नखाएवढी, काशाची, चौथ्या शतकातल्या सम्राटांची. डिस्टिल्ड वॉटरमध्ये आठवडेच्या आठवडे भिजवायची आणि भिंगाखाली टूथपिकनं कणाकणानं माती काढायची. खालचा हिरवा थर मात्र जपायचा; चेहरा, अक्षरं, सगळं त्या थरातच टिकून राहिलेलं. तिचा हात बघून केलर नाण्यांची वाटी घरीसुद्धा देऊ लागले. अमेरिकेत तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच काम.

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीला सासूबाई, गिरजाबाई, साताऱ्याहून आलेल्या. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी शरयू बाजारातून येऊन बघते तो पाटावर हळदकुंकू वाहिलेलं एक नाणं लखलखतंय. चिंच-मिठानं घासलेलं. सम्राट कॉन्स्टँशियसला नाकसुद्धा उरलं नव्हतं.

"लक्ष्मीपुढं असं कळकट ठेवतात का गं?" सासूबाई म्हणाल्या. "बाकीची उद्या घासते. आज बोटं दुखली."

तो हिरवा रंगच जपायचा असतो, हे शरयूनं शांतपणे सांगितलं. सासूबाईंना पटेना. हिरवं चढलेल्या भांड्यात आपण ताकसुद्धा ठेवत नाही, म्हणाल्या. नवऱ्यानं सुचवलं, सिंकमध्ये वाहून गेलं म्हणून सांग. म्हाताऱ्याला काय कळतंय!

दुसऱ्या दिवशी ती बसनं केलरांकडे गेली. सासूबाईंचं नाव न घेता, माझ्या घरी हे झालं, एवढंच म्हणाली. त्यांनी नाणं बराच वेळ भिंगाखाली धरलं. मग अख्खी वाटी उचलून स्वतःच्या कपाटात ठेवली. आता नाणी या घराबाहेर जाणार नाहीत, म्हणाले. शरयूनं पर्स उचलली.

"मंगळवारी येशील ना?" पाठमोरेच ते म्हणाले. "इथं खिडकीशी उजेड चांगला असतो."

घरी सासूबाई वाटच बघत होत्या. "रागावला का गं तो?"

"रागावले. आता दर मंगळवारी त्यांच्याकडे बसूनच काम करायचं."

"दिवसभर? आणि स्वयंपाक?"

"मंगळवारी तुम्ही," शरयू म्हणाली, आणि कोट काढायला आत गेली.