सागाचे वासे

बुढापारा मोहल्ल्यातल्या आमच्या घराचे कवेलू, म्हणजे छपरावरची कौलं, बाबा दर उन्हाळ्यात स्वतः वर चढून फेरायचे, फुटके काढून नवे बसवायचे. यंदा मला छत पाडून स्लॅब टाकायचा होता. त्यांना आहे तेच घर दुरुस्त करायचं होतं. मिस्त्री म्हणाला, "लकडी पक्की है भैया, सिर्फ कवेलू बदलो." बाबांना मात्र मी सांगितलं, वासे सडलेत. गुडघ्यांमुळे ते आता चढून पाहू शकत नाहीत, हे मला चांगलं ठाऊक होतं.

वासे उतरले. अंगणात खणखणीत सागाचा ढीग लागला. बाबांनी एकेका वाशावर काठी ठोकून पाहिली. मी बेशरमासारखा मोबाइल बघत उभा होतो. शेजारच्या काकांनी विचारलं, "काहून पाडलं जी, चांगलं तर होतं!"

माझ्याकडे न बघता बाबा म्हणाले, "लाकूड सडलं होतं ना जी."