लोह्यापर्यंत

भुताखेताची गोष्ट सांगणाऱ्याला मी आजवर एकच प्रश्न विचारत आलोय — "पुरावा काय?" नांदेडच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवतो. पोरं मला माघारी 'पुरावा सर' म्हणतात, मला ठाऊक आहे. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय... पण माझ्या उजव्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत, आणि ती का वळत नाहीत हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागतं.

सुनीता माझी मावसबहीण. तिला उदगीरला दिली होती. नवऱ्याचा सीसीटीव्ही बसवायचा धंदा. माणूस बिजवर — पहिली बायको स्टोव्हच्या भडक्यात गेली, असं लग्न जमवताना सांगितलेलं. त्याने घरात चार कॅमेरे लावले होते, त्यातला एक स्वयंपाकघरात. दुकानात बसून तो मोबाइलवर बघायचा... ही कुणाशी बोलली, किती वेळ टेकली, खिडकीत कशाला उभी राहिली. संध्याकाळी घरी आला की पट्टा काढायचा. दिवाळीत त्याने तिचं खांद्याजवळचं हाड मोडलं, तेव्हा ती अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली. माहेरी भोकरला गेली असती तर त्याने तिथेच गाठलं असतं. तो गेलाच तिथे, आणि ती सापडली नाही म्हणून तिच्या भावाचं डोकं फोडून आला. ती आमच्याकडे होती, नांदेडला, सिडकोतल्या नव्या फ्लॅटवर. हे घर त्याने पाहिलेलं नव्हतं.

मी माझ्या परीने बंदोबस्त केला. तिच्या फोनमध्ये त्याने काय काय टाकून ठेवलं असेल कोण जाणे, म्हणून तो बंद करून नवा दिला. आणि घरातलं सगळं इंटरनेट राउटरपासूनच व्हीपीएनमधून फिरवलं. म्हणजे आमच्या घरातून कुणीही काहीही उघडलं तरी समोरच्याला वाटावं, हा माणूस परदेशात, झुरिकमध्ये बसलाय. व्हीपीएन तुटला तर नेटच बंद पडावं, अशीही सेटिंग केली. रोज सकाळी मी एक साइट उघडून बघायचो, आपण जगाला कुठे दिसतोय ते. झुरिक! "झुरिकच्या बाई, चहा टाका," असं मी सुनीताला चिडवायचो. हळूहळू ती हसायला लागली होती.

राउटर मी लपवला, पण आईचं स्टेटस कोण लपवणार? संक्रांतीचं हळदीकुंकू झालं आणि आईने हौसेने व्हॉट्सअॅपवर फोटो टाकला. कोपऱ्यात वाणाचं ताट धरलेली सुनीता, मागे सोसायटीच्या नावाची पाटी. आईच्या फोनमध्ये सुनीताच्या नणंदेचा नंबर होता. हे सगळं आम्हाला नंतर कळलं.

त्यानंतरचा रविवार. सकाळचे साडेदहा. साइट उघडली तर 'उदगीर, महाराष्ट्र'.

व्हीपीएन चालू होता. तो देणाऱ्या कंपनीचा भारतात एकही सर्व्हर नाही. आणि व्हीपीएन बंद असता तरी ती साइट आमच्या कनेक्शनला मुंबई दाखवते, उदगीर कधीच नाही. मी राउटर बंद करून चालू केला, केबल तपासल्या, पुन्हा बघितलं. 'शिरूर ताजबंद'.

मला हसूच आलं. सुनीता शेजारी मेथी निवडत होती. तिने स्क्रीन वाचली आणि जुडी खाली ठेवली.

"दादा, ह्यो रस्ता हाय."

"कसला रस्ता?"

"उदगीरहून हितं यायचा. मी ह्याच रस्त्यानं आले की."

"अगं, डेटाबेस चुकतो कधीकधी."

साडेअकराला 'अहमदपूर'. सव्वाबाराला 'लोहा'. सुनीताच्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि मी गाढव स्क्रीनशॉट काढत बसलो होतो! नवीन काही सापडल्याचा आनंद झाला होता मला.

मग पुन्हा 'झुरिक' आलं.

"बघ, आलं ठिकाणावर," मी म्हणालो. "कुणी येत नाही. बस निवांत."

"तुजं मशीन काय म्हनतंय ते ऱ्हाऊ दे. मला न्हाई बसवत." तिने आईचा हात धरला. "मावशी, ऊठ. चप्पल घाल."

दोघी समोरच्या काकूंच्या फ्लॅटमध्ये गेल्या आणि आतून कडी लावली. मी मागून हसलो. ते हसू आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

अर्ध्या तासाने पहिल्याच दणक्यात दाराची कडी उपटून आली. दारात सुनीताचा नवरा, हातात पहार. ओरडला नाही, शिवी दिली नाही.

"कुठाय ती?"

"इथे नाही," मी म्हणालो.

त्याने माझं मनगट टेबलावर दाबलं आणि पहार खाली आणली. तुराटीची वाळकी काडी मोडावी तसा आवाज आला. मी ओरडलो की नाही, आठवत नाही. दुसरा घाव गुडघ्यावर. मी खाली पडलो, तसा त्याने राउटर फोडला, टीव्ही फोडला, दिवाणाच्या फळ्या उचकटून आत बघितलं, बाथरूमचं दार तोडलं. प्रत्येक दणक्याला "निघ भाईर" एवढंच म्हणत होता. समोरच्या दाराआड सुनीता आईच्या तोंडावर हात दाबून ते सगळं ऐकत होती. शेवटी वॉचमन आणि खालच्या मजल्यावरच्या दोघांनी त्याला शिडीने भिंतीशी दाबून धरलं. त्यात वॉचमनचे पुढचे दोन दात गेले. मग पोलिस आले.

तो अजून आत आहे. माझा एक जुना विद्यार्थी नेटवर्कच्या कामात आहे, त्याने कंपनीकडून व्हीपीएनच्या नोंदी मागवून तपासल्या. मी स्वतः राउटर बंद-चालू केला तेवढं सोडलं, तर तो फुटेपर्यंत कनेक्शन एकदाही तुटलेलं नव्हतं. स्क्रीनशॉट दाखवले की लोक म्हणतात, फोटोशॉप. मीही तेच म्हणालो असतो.

मी दवाखान्यात असताना सुनीताची नणंद भेटायला आली. फोटो तिनेच भावाला दाखवला होता. "माझ्या हातानं पाप झालं," म्हणून रडली आणि मग आपणहून बोलायला लागली. त्याच्या पहिल्या बायकोचं नाव मंगल. तीसुद्धा पळाली होती, नांदेडला बहिणीकडे जायला म्हणून, याच रस्त्याने. लोह्याच्या स्टँडवर पाणी प्यायला उतरली आणि तिथे त्याने तिला गाठलं. केसाला धरून जीपपर्यंत ओढत नेलं. लोक बघत उभे होते. आठ दिवसांनी स्टोव्ह भडकला.

सुनीता माझ्या खाटेशी बसून हे ऐकत होती.

"तिला लोह्याच्या फुडचं कायबी म्हाईत नव्हतं, दादा," ती म्हणाली. "जितकं म्हाईत व्हतं तितकं सांगितलं तिनं."

मी यावर विश्वास ठेवतो का? माहीत नाही. मागच्या महिन्यात लातूरहून येताना एसटी लोह्याला दहा मिनिटं थांबली. मी काठी टेकत खाली उतरलो आणि पाण्याच्या नळाजवळ गेलो. आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना, ते बघितलं... आणि हळूच म्हणालो, "मंगलताई, इथून पुढे सोनखेड लागतं, मग विष्णुपुरी, मग लातूर फाटा. तिथून आमचं घर दहा मिनिटांवर आहे."

कंडक्टरने बेल मारली. मी गाडीत चढलो, आणि शेजारची सीट मोकळी होती तिच्यावर नांदेडपर्यंत कुणाला बसू दिलं नाही.